नव्या मोटारीचा क्लच रुळतो कसा?



घरात नवी मोटार आली की पेढ्यांबरोबर सूचनाही भरपूर मिळतात. "पहिले हजार किलोमीटर गाडी पळवू नका," असे एक काका सांगतात. "क्लचवर पाय ठेवून बसू नका," असे दुसरे बजावतात. तिसरे म्हणतात, "आजकालच्या गाड्यांना असले काही लागत नाही." यांतले खरे कोणाचे?

माझ्या एका परिचितांनी नवी मोटार घेतली आणि त्याच संध्याकाळी सगळ्या कुटुंबाला घेऊन ते टेकडीवरच्या देवळाकडे निघाले. चढावर वाहनांची रांग लागली होती. पुढची गाडी दोन हात सरकली की हेही दोन हात सरकत. मधल्या वेळात ब्रेक न लावता, इंजिनाचा वेग वाढवून अर्धवट दाबलेल्या क्लचवरच त्यांनी मोटार चढावर तोलून धरली होती. पाऊण तासाने वर पोहोचेपर्यंत मोटारीत जळका, उग्र वास भरला. पुढे थोड्याच दिवसांत इंजिन नुसतेच गुरगुरू लागले आणि मोटार काही वेग घेईना. मिस्त्रींनी गिअर-बॉक्स उतरवून क्लच प्लेट बाहेर काढली. तिचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि काळा पडला होता.

त्या पाऊण तासात आत नेमके काय घडले, हे समजले की काकांच्या सूचनांतली कोणती शास्त्रीय आणि कोणती नुसती ऐकीव, हे तुम्हीच ठरवू शकाल.

क्लचचे काम काय?

मोटारीचे इंजिन एकदा सुरू झाले की ते फिरतच राहिले पाहिजे. मिनिटाला सातशे-आठशे फेऱ्यांच्या खाली त्याचा वेग गेला तर ते बंद पडते. उलट मोटार मात्र सिग्नलला पूर्ण थांबली पाहिजे. म्हणजे एक फिरते आणि एक स्थिर अशा दोन भागांची गाठ घालायची, आणि तीही धक्का न बसता, हे क्लचचे काम होय.

इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला बिडाचे एक जड चाक असते. त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याला लागून क्लच प्लेट ही पातळ तबकडी असते. तिच्या दोन्ही बाजूंना घर्षण करणारे अस्तर, म्हणजे लायनिंग, बसवलेले असते. ही तबकडी गिअर-बॉक्सच्या दांड्यावर बसते. तिच्यामागे प्रेशर प्लेट असते. एक जोरदार स्प्रिंग या प्रेशर प्लेटला पुढे रेटते, त्यामुळे क्लच प्लेट तिच्या आणि फ्लायव्हीलच्या मध्ये चिमटीत सापडल्यासारखी दाबली जाते. मग तिघीही एकत्र फिरतात.

चालकाने पायाने क्लच दाबला की स्प्रिंगचा दाब निघतो आणि प्लेट मोकळी होते. पाय सावकाश वर घेतला की दाब हळूहळू वाढतो. सुरुवातीला फ्लायव्हील वेगाने फिरत असते आणि प्लेट स्थिर असते. दोघांची पृष्ठे एकमेकांवर घसरतात. घसरताना घर्षणामुळे प्लेट ओढली जाते, तिचा वेग वाढतो आणि अखेर दोघांचा वेग सारखा होतो. तेथे घसरणे संपते.

हे घसरणे एक-दोन सेकंदांचे असते. पण क्लचचे सारे आयुष्य या एक-दोन सेकंदांत खर्च होत असते. बाकीच्या वेळी, मोटार ताशी शंभर किलोमीटरने धावत असली तरी, पृष्ठे एकमेकांवर घसरत नाहीत आणि म्हणून झिजतही नाहीत.

सपाट दिसते ते सपाट नसते

नवे फ्लायव्हील हाताला गुळगुळीत लागते. नवे अस्तरही सपाट दिसते. परंतु सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर धातूवर यंत्राच्या हत्याराने पडलेल्या रेषा दिसतात आणि अस्तरावर धाग्यांचे व कणांचे उंचवटे दिसतात. शिवाय दोन्ही पृष्ठांना किंचित बाक असतो, तो वेगळाच.

अंगणात खडी पसरून तिच्यावर लाकडी पाट ठेवला तर तो किती खड्यांना टेकेल? सर्वांत उंच अशा तीन-चार खड्यांनाच. पाटावर तुम्ही बसलात तर हे खडे थोडे दबतील आणि आणखी काही खडे पाटाला लागतील. दोन घन पदार्थांचा संपर्क असाच असतो. केंब्रिज येथे बोडन आणि टेबर या शास्त्रज्ञांनी १९३९ साली धातूंच्या जोडातून विजेचा प्रवाह सोडून हा खरा संपर्क मोजला. तो दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी क्षुल्लक अंश असतो, असे त्यांना आढळले.

क्लच नवा असताना असे संपर्काचे ठिपके थोडे असतात आणि एखाद्याच भागात गोळा झालेले असतात. मोटार वापरात आली की उंचवटे आधी झिजतात. अस्तरातील द्रव्याचा एक पातळ थर धातूवर बसतो. हळूहळू एका पृष्ठाचा आकार दुसऱ्याला जुळतो आणि संपर्क सर्वत्र पसरतो. यालाच क्लच रुळणे असे म्हणतात.

एक अडचणीचा प्रश्न

येथे तुमच्यापैकी एखादा हुशार विद्यार्थी हात वर करील. "सर, घर्षणबल हे संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते, असे आम्ही शिकलो आहोत. मग क्लचचा संपर्क थोडा असो की पुष्कळ, काय बिघडले?"

प्रश्न अगदी योग्य आहे. फ्रान्समधील आमोंताँ याने १६९९ साली हा नियम मांडला आणि कुलोम याने तो १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात प्रयोगांनी तपासला. घर्षणबल हे पृष्ठांवरील दाबबलाच्या प्रमाणात असते. दिसणाऱ्या क्षेत्रफळाशी त्याचा संबंध नसतो. म्हणून नव्या क्लचची पकड, थंड असताना, रुळलेल्या क्लचच्या जवळपास असू शकते.

पण घर्षणाबरोबर उष्णता येते, आणि उष्णतेला क्षेत्रफळाशी फार कर्तव्य असते. तेवढीच उष्णता सर्व पृष्ठावर पसरली तर ते कोमट होईल. तीच पृष्ठाच्या एक-पंचमांश भागात निर्माण झाली तर त्या भागातील प्रत्येक चौरस सेंटिमीटरला पाचपट उष्णता सोसावी लागेल. अस्तर धाग्यांचे आणि राळेचे बनलेले असते. साधारणपणे २५० ते ३०० अंश सेल्सियसच्या पुढे त्यातील राळ बिघडू लागते. ती पृष्ठावर येऊन तिचा चकचकीत थर बनतो आणि घर्षणगुणांक उतरतो. पकड कमी झाली की प्लेट जास्त वेळ घसरते. जास्त घसरली की आणखी तापते. हे दुष्टचक्र माझ्या परिचितांच्या क्लचने त्या चढावर पूर्ण केले.

तेव्हा आमोंताँचा नियमही खरा आणि काकांची सूचनाही खरी. नियम बलाविषयी बोलतो आणि काका तापमानाविषयी.

थोडे गणित करू

किती उष्णता निर्माण होते, हे आपल्याला काढता येईल. समजा, माणसांसह मोटारीचे वस्तुमान १००० कि.ग्रॅ. आहे. चाकाची त्रिज्या ०.२८ मी. आहे. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या १४ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होते. चालकाने इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवून क्लच सोडला.

१५०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १५७ रेडियन. त्याला १४ ने भागले तर चाकाचा कोनीय वेग ११.२ रेडियन येतो. त्याला त्रिज्येने गुणले की मोटारीचा वेग सेकंदाला ३.१४ मी., म्हणजे ताशी सुमारे ११ कि.मी. येतो. या क्षणी मोटारीची गतिज ऊर्जा अशी :

१/२ × १००० × ३.१४ × ३.१४ = सुमारे ४९०० ज्यूल

आता आलेखाचा कागद घ्या. आडव्या अक्षावर काळ आणि उभ्या अक्षावर फिरण्याचा वेग घ्या. इंजिनाचा वेग स्थिर, म्हणून त्याची रेषा आडवी. क्लचने दिलेला जोर स्थिर धरला तर प्लेटचा वेग शून्यापासून सारख्या गतीने वाढत जातो, म्हणून तिची रेषा तिरपी. दोन्ही रेषा जेथे मिळतात तेथे घसरणे संपते. इंजिनाने केलेले कार्य आयताच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. त्यातले मोटारीला मिळालेले कार्य तिरप्या रेषेखालच्या त्रिकोणाच्या प्रमाणात असते. उरलेल्या वरच्या त्रिकोणाची उष्णता होते. दोन्ही त्रिकोण सारखे! म्हणजे मोटारीला जेवढी गतिज ऊर्जा मिळाली, बरोबर तेवढीच ऊर्जा क्लचमध्ये उष्णता होऊन गेली. प्रत्येक वेळी ४९०० ज्यूल.

आलेखाकडे पुन्हा एकदा पाहा. क्लच एका सेकंदात सोडला काय किंवा तीन सेकंदांत सोडला काय, सपाट रस्त्यावर हे प्रमाण तेच राहते. मग उष्णता कशावर ठरते? इंजिनाच्या वेगावर. चालकाने इंजिन ३००० फेऱ्यांवर ठेवले तर वेग दुप्पट, म्हणून ऊर्जा चौपट. प्रत्येक सुरुवातीला जवळजवळ २०,००० ज्यूल उष्णता. चौकात सिग्नल सुटताच गुरगुर करीत उडी घेणारा तरुण चालक आपल्या क्लचला चारपट तापवीत असतो. नवा, न रुळलेला क्लच असेल तर ही चौपट उष्णता एका लहानशा भागावर पडते.

घाटातला 'हाफ क्लच'

चढावरची गोष्ट याहूनही गंभीर आहे. समजा, दहा मीटर रस्त्यामागे एक मीटर चढ आहे. आपल्या मोटारीला मागे ओढणारे बल १००० × ९.८ ÷ १० = ९८० न्यूटन होते. चाकापाशी आघूर्ण ९८० × ०.२८ = २७४ न्यूटन-मीटर. गिअरमुळे क्लचवर याचा चौदावा भाग, म्हणजे १९.६ न्यूटन-मीटर येतो.

चालकाने ब्रेक न लावता 'हाफ क्लच'वर मोटार तोलून धरली तर प्लेट स्थिर राहते आणि फ्लायव्हील तिच्यावर सतत घसरत राहते. शक्ती म्हणजे आघूर्ण गुणिले कोनीय वेग : १९.६ × १५७ = सुमारे ३१०० वॉट. घरातल्या दोन किलोवॉटच्या दीड गिझरांइतकी! यातील एक ज्यूलही मोटारीच्या उपयोगी पडत नाही, कारण मोटार जागची हललेलीच नसते.

अर्ध्या मिनिटात ही उष्णता ९२,००० ज्यूल होते. सपाटीवर एकोणीस वेळा मोटार सुरू करण्याइतकी ती भरते. यातील निम्मी तीन किलोग्रॅम वजनाच्या प्रेशर प्लेटने घेतली असे धरू. बिडाची विशिष्ट उष्णता दर कि.ग्रॅ.ला सुमारे ४६० ज्यूल आहे. म्हणजे अर्ध्या मिनिटात सबंध प्लेटचे तापमान ३३ अंशांनी वाढेल. दोन मिनिटांत १३० अंशांहून अधिक! आणि ही सरासरी झाली. घासणारे पृष्ठ प्लेटच्या सरासरीपेक्षा कितीतरी जास्त तापलेले असते.

याउलट हँडब्रेक लावून मोटार उभी केली तर? ब्रेकमध्येही घर्षणबल आहेच. पण तेथे काही घसरत नाही. विस्थापन शून्य, म्हणून कार्य शून्य आणि उष्णताही शून्य. बल तेच, पण एका ठिकाणी क्लच जळतो आणि दुसऱ्या ठिकाणी काहीच होत नाही. 'कार्य = बल × विस्थापन' हे सूत्र केवळ परीक्षेपुरते नाही, हे येथे पटते.

किलोमीटर मोजावे की सुरुवाती?

मोटारीच्या पुस्तिकेत नव्या मोटारीसाठी बहुधा पहिल्या १००० कि.मी.चे पथ्य सांगितलेले असते. त्यात इंजिन, गिअर, टायर आणि ब्रेक या सर्वांचा विचार असतो. नवी क्लच प्लेट बसवल्यावर शहरातील वाहतुकीत सुमारे ८०० कि.मी. जपून चालवा, असे काही कारखानदार सांगतात. यातला 'शहरातील' हा शब्द महत्त्वाचा आहे.

समजा, एकाने नवी मोटार घेऊन मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चार फेऱ्या मारल्या. किलोमीटर भरपूर झाले. पण क्लच किती वेळा दाबला गेला? प्रत्येक फेरीत फार तर तीस-चाळीस वेळा. उरलेल्या वेळेत पृष्ठे एकमेकांवर घासलीच नाहीत, मग ती रुळणार कशी? दादर किंवा पुण्याच्या पेठांतून फिरणारी मोटार दोन दिवसांतच क्लचचा तेवढा वापर करील. म्हणजे क्लचच्या बाबतीत किलोमीटर हे माप चुकीचे आहे. मोटार किती वेळा आणि कशी सुरू केली, हे माप बरोबर आहे. कोणत्याही प्रयोगात योग्य राशी निवडणे हे निम्मे काम असते, ते असे.

करून पाहा

साहित्य : अर्धी वीट, शहाबादी फरशीचा सपाट तुकडा, रंगीत खडू, चौकटीचा कागद, जुना ब्रश.

फरशीचा वीतभर भाग रंगीत खडूने गडद रंगवा. विटेची रुंद बाजू त्यावर हलकेच ठेवून दोन बोटे सरकवा आणि उचला. विटेवर काही थोडेच ठिपके रंगलेले दिसतील. हेच तिचे उंचवटे. त्यांनी साधारण किती चौकटी व्यापल्या, ते कागद धरून मोजा. आता वीट कोऱ्या फरशीवर पंचवीस वेळा गोल गोल घासा. भुकटी ब्रशने झटका आणि पुन्हा रंगावर ठेवून पाहा. असे सहा-सात वेळा करा.

घासण्याची संख्या आडव्या अक्षावर आणि रंगलेल्या चौकटी उभ्या अक्षावर घेऊन आलेख काढा. आलेख आधी झपाट्याने चढेल आणि मग हळूहळू आडवा होत जाईल. क्लच रुळण्याचाही क्रम असाच असतो : सुरुवातीचा काळ महत्त्वाचा, पुढे फरक थोडा. आयटीआयमधील फिटर दोन पृष्ठे जुळवताना निळा रंग लावून हीच युक्ती वापरतात.

अस्तराची कथा

पहिल्या मोटारींत क्लचला चामड्याचे अस्तर असे. ते कोरडे पडले की झटका देई आणि तेलकट झाले की घसरे. इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूड याने १८९७ साली ब्रेकसाठी खास घर्षणद्रव्ये बनवण्यास सुरुवात केली. पुढे ॲस्बेस्टॉसचे धागे आणि कृत्रिम राळ यांची अस्तरे आली. ॲस्बेस्टॉस उष्णतेला दाद देत नाही, म्हणून ते अनेक दशके सर्वत्र वापरले गेले. पण त्याचे सूक्ष्म धागे श्वासातून फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी कर्करोगासारखे भयंकर रोग होतात. युरोपीय संघाने २००५ सालापासून त्याच्या वापरावर बंदी घातली. आता काचेचे धागे, ॲरॅमिड धागे, तांब्या-पितळेच्या तारा आणि राळ यांची अस्तरे वापरतात. तरीही गॅरेजमध्ये जुन्या क्लचची धूळ कोणी तोंडाने किंवा हवेच्या झोताने उडवीत असेल तर जवळ उभे राहू नका आणि त्यालाही सांगा. ओल्या फडक्याने पुसणे सुरक्षित असते.

मग पथ्य कोणते?

आपण पाहिलेल्या शास्त्रातून नियम आपोआप निघतात.

१. मोटार नेहमी पहिल्या गिअरमध्येच सुरू करावी. दुसऱ्या गिअरमध्ये घसरणे जास्त वेळ चालते आणि उष्णता वाढते.

२. इंजिनाचा वेग बंद न पडण्याइतपतच ठेवून क्लच एका लयीत सोडावा. एकदम सोडू नये आणि उगाच लांबवूही नये.

३. चढावर हँडब्रेक लावून थांबावे. क्लचवर मोटार तोलू नये.

४. चालताना डावा पाय क्लचच्या पेडलवर टेकवू नये. पायाच्या नुसत्या वजनानेही स्प्रिंगचा दाब कमी होऊ शकतो.

५. सुरुवातीच्या काळात जड ओझे, दुसरे वाहन ओढणे आणि लांबलचक घाट टाळावे.

६. पहिल्या सर्व्हिसिंगला पेडलची मोकळीक तपासून घ्यावी. केबलच्या क्लचमध्ये अस्तर झिजले की ही मोकळीक कमी होते, आणि ती संपली की क्लच पूर्ण बसत नाही.

ही पथ्ये केवळ नव्या मोटारीच्या मालकासाठी नाहीत. टॅक्सी, टेम्पो, ट्रक चालवणाऱ्यांना क्लच प्लेट अनेकदा बदलावी लागते. प्लेटच्या किमतीबरोबर गिअर-बॉक्स उतरवण्याची मजुरी आणि बुडालेला दिवस हाही खर्च असतो. नवी प्लेट घालून लगेच भरलेला टेम्पो घाटात नेला तर तोच खर्च लवकरच पुन्हा करावा लागतो. माझ्या परिचितांनी नव्या प्लेटचे पैसे भरले आणि आता ते चढावर न चुकता हँडब्रेक ओढतात.

स्वयंचलित गिअरच्या आणि विजेच्या मोटारींत क्लचचे पेडल नसते. तुम्ही मोठे व्हाल तेव्हा अशा मोटारी अधिक असतील. पण तूर्त आपल्या रस्त्यांवर क्लचची मोटार पुष्कळ आहे. अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत तुम्ही चालकाच्या शेजारी बसून त्याचा डावा पाय आणि इंजिनाचा आवाज यांवर लक्ष ठेवा. क्लच केव्हा घसरतो आहे आणि केव्हा घट्ट बसला, हे कानांना ओळखू येईल.

विचार करा :

१. वरील मोटारीत इंजिन १००० फेऱ्यांवर ठेवून सुरुवात केली तर क्लचमध्ये किती उष्णता निर्माण होईल?

२. मोटारीत आणखी २५० कि.ग्रॅ. सामान भरले तर सपाटीवर ही उष्णता किती पट होईल?

३. क्लच प्लेटवर इंजिनाचे तेल गळले तर पकड सुटते, पण विटेवर पाणी शिंपडले तर ती अधिक लवकर झिजते का? प्रयोग करून ठरवा आणि कारण शोधा.